तपासणी चांगली आली होती

शिबिराच्या आदल्या दिवशी आरोग्य केंद्राच्या आशाताई दारात उभं राहूनच सांगून गेल्या. "उद्या शाळेत बायकांची तपासणी हाय, फुकट. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बघतेत. तिशीच्या पुढच्या समद्यांनी यायचं. अंघोळ करून, स्वच्छ होऊन या." त्यांना अजून पुष्कळ घरं घ्यायची होती. एवढं बोलून त्या पुढच्या दाराला गेल्या.

आमचं घर शहरात, गारखेड्यातल्या आतल्या गल्लीत. खाली मी, माझे मालक आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. वर धाकटे दीर दिनकर भाऊजी, त्यांची बायको शोभा आणि त्यांची मुलं. स्वयंपाक एकत्रच होतो. माझी मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हापासून दिवसभर घरात मी, शोभा आणि आत्याबाई अशा तिघीच असतो.

"स्वच्छ होऊन या" हे आत्याबाईंनी फार मनावर घेतलं. सकाळी उठून त्यांनी मोठं पातेलं भरून पाणी तापवलं, त्यात तुरटीचा खडा फिरवला आणि मोरीत नेऊन ठेवलं. त्यांच्या माहेरी, सिल्लोडकडच्या खेड्यात, पाळी संपली की, बाळंतीण उठली की बायका अशाच पाण्यानं आतून धुऊन घ्यायच्या. त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं, त्यांनी आम्हाला. आम्ही कधी का म्हणून विचारलं नाही. दात घासतो तसंच ते.

"नीट धुवा," आत्याबाई मोरीच्या बाहेरून म्हणाल्या. "डाक्टरणीम्होरं जायचंय. मह्या घराची लाज घालवू नका."

"आत्याबाई, तपासायला धाडायलात का बघायला आलेल्या पाव्हण्यापुढं बसवायलात?" शोभा आतून ओरडली. "पावडर बी लावू का?"

मी शोभासारखी नाही. मला हसता येत नव्हतं. मी माझ्या बाळंतपणात सुद्धा डोळे गच्च मिटून होते. पण धुतलं मात्र मी शोभापेक्षा जास्त. दोनदा धुतलं. परक्या बाईनं बघायचं म्हणजे काही दिसू नये, काही वास येऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शाळेच्या एका वर्गाला साडीचे पडदे लावले होते. दोन बाकं जोडून वर चादर टाकलेली. मी पदर तोंडावर घेतला. डॉक्टरीणबाईंनी काडीनं काहीतरी काढलं, काचेच्या पट्टीवर पसरलं आणि म्हणाल्या, "झालं, उठा." माझी भीती संपायच्या आत तपासणी संपली होती.

पुढं काही आठवड्यांनी आशाताई पुन्हा दारात आल्या. "तुमच्या घरच्या दोघींचं बी चांगलं आलं."

मी चौथीपर्यंत शिकले. चौथीची परीक्षा पास झाल्याचं गुरुजींनी सांगितलं होतं तेव्हा जसं वाटलं होतं, अगदी तसं मला त्या दिवशी वाटलं.

*

त्यानंतर अधूनमधून अवेळी अंगावर जायला लागलं. माझं वय पंचेचाळिशीच्या पुढं. आत्याबाई म्हणाल्या, "पाळी जायच्या येळेला असंच व्हतं. मला तर साल दोन साल पुरलं." गल्लीतल्या बायकाही तेच म्हणाल्या. कंबर दुखायची, तर पाणी उचलल्यानं दुखते असं वाटायचं. संबंधानंतर रक्त दिसायचं, ते मी कुणाला सांगितलंच नाही. ते कुणाला सांगणार?

शोभा एकदा म्हणाली, "अक्का, दाखवून या एकदा."

मी म्हणाले, "अगं, तपासणी झाली की. चांगली आली की."

तिला पटलं. मालकांना पटलं. मला स्वतःला तर इतकं पटलं होतं की, दुखणं वाढलं तरी मला ते दुसरंच काहीतरी वाटायचं. जी गोष्ट नाही असं सांगितलंय, ती कशी असेल? मी भित्री बाई आहे. कुणी काही सांगितलं नसतं तर मी भिऊन तरी दवाखान्यात गेले असते.

एक वर्ष गेलं, त्याच्या वरही काही महिने. एकदा दळण घेऊन गिरणीत उभी होते आणि माझ्या साडीला मागून डाग पडला. साधा डाग नाही. गिरणीवाल्याची बायको पिठाच्या हातानं धावत आली, तिनं खांद्यावरचा टॉवेल माझ्या कमरेला बांधला आणि मोठ्यानं म्हणाली, "आवं, पीठ सांडलं की तुमच्या साडीवर!" पुरुष माणसं होती तिथं. तिनं पिठाचं नाव का घेतलं ते त्या सगळ्यांना कळलं असेल, पण कुणी वळून बघितलं नाही. त्या बाईचं नावही मला तेव्हा माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मालक म्हणाले, "चल."

*

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. तपासताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत, तेव्हाच मला समजलं. तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला आम्ही दोघं गेलो, तर त्यांनी मालकांना खुर्ची दिली. त्याआधी त्यांना उभंच ठेवलं होतं.

"कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "गर्भपिशवीच्या तोंडाचा. ऑपरेशन करण्याच्या पुढं गेलाय, पण उपचार आहेत. शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावे लागतील आणि सोबत सलाईनमधून औषध."

मी म्हणाले, "पण माझी तपासणी चांगली आली होती."

त्या पुढं सांगत राहिल्या. कुठल्या दिवशी यायचं, काय खायचं, सरकारी योजनेच्या कार्डावर कसं होईल. मी परत म्हणाले, "बाई, पण माझी तपासणी चांगली आली होती." मग त्यांनी बोलणं थांबवलं.

"कुठली तपासणी? कधी?"

मी शिबिराचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तपासणीच्या आधी आतून धुतलं होतं का? काही औषध, काही लावलं होतं?"

मालक शेजारी बसले होते. मी खाली बघून तुरटीच्या पाण्याचं सांगितलं. दोनदा धुतल्याचंही सांगितलं, कारण अजूनही मला तो माझा चांगुलपणाच वाटत होता.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तपासणीच्या आधी दोन दिवस आतून धुवायचं नसतं. काही लावायचं नसतं. संबंधही ठेवायचा नसतो. काडीनं जो थर काढून बघायचा असतो, तोच धुऊन जातो. कुणी सांगितलं नव्हतं?"

"स्वच्छ होऊन या म्हणाल्या होत्या."

त्यांनी पेन परत उचललं. मग म्हणाल्या, "त्यामुळंच सुटलं असं मी म्हणणार नाही. न धुता केलेल्या तपासणीतही सुटतं. म्हणून ती ठरावीक वर्षांनी परत परत करायची असते. एकदा चांगली आली म्हणजे कायमची चांगली, असं नसतं. आणि तपासणी कशीही आलेली असो, अवेळी रक्त गेलं की लगेच दाखवायचं असतं."

मला विचारायचं होतं की, मग 'चांगली आली' म्हणजे नेमकं काय आलं होतं? ते मी विचारलं नाही. बाहेर रांग होती आणि डॉक्टरीणबाई थकलेल्या दिसत होत्या.

*

त्यांनी आणखी एक सांगितलं होतं. हा आजार एका विषाणूनं होतो आणि तो नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. कुणालाही असू शकतो, कित्येक वर्षांपूर्वीचाही असू शकतो, यात कुणाचा दोष नसतो, असं त्या दोन्ही बाजूंनी समजावून बोलल्या. पण मालकांनी त्यातलं पहिलं वाक्यच ऐकलं.

घरी चहा झाला, आत्याबाई देवापुढं बसल्या, तेव्हा मला म्हणाले, "तुला मह्यावर संशय हाय का?"

मी म्हणाले, "नाय."

त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही होतं का, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या संसारात आमच्यामध्ये कुणी येऊन बसलं नव्हतं. आता हे एक न दिसणारं येऊन बसलं आणि त्याला उठवायचं कसं ते दोघांनाही येईना. त्यांनी माझं सगळं केलं. चिकलठाण्याच्या कंपनीतली शिफ्ट बदलून घेतली, मला नेलं-आणलं, ओकारीचं भांडं धुतलं. पण पहिले कित्येक दिवस ते माझ्याकडं न बघता करत होते.

*

शेकाच्या खोलीबाहेर एक लांब बाकडं होतं. तिथं बायका बाटल्या घेऊन बसलेल्या असायच्या. आधी लघवीला जाऊन यायचं, मग सांगतील तेवढं पाणी प्यायचं आणि नंबर येईपर्यंत धरून ठेवायचं. लघवीची पिशवी भरलेली असली म्हणजे आतडी बाजूला सरकतात, शेक नको तिथं लागत नाही, असं म्हणत. ओटीपोटावर आणि कमरेला शाईच्या खुणा केल्या होत्या. त्या पुसू नका, घासू नका, असं बजावलं होतं. मशीन बंद पडलं, कुणाला वेळ लागला, की बाकड्यावरच्या सगळ्या बायका पाय आवळून बसायच्या.

तिथंच मला हमीदाबी भेटल्या. सिल्लोडच्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, अंगानं भरलेल्या, सतत बोलणाऱ्या. बोलून बोलून त्या आम्हाला हसवायच्या आणि मग स्वतःच ओरडायच्या, "हँसो नक्को गे बायांनो! पूरा पानी यहींच निकल जाता!" मी पदर तोंडात धरून हसायची. आजारपणात मी घरी कधी हसले नाही, त्या बाकड्यावर मात्र हसले.

सलाईनच्या दिवशी आम्हाला खाटा शेजारी मिळायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "तेरेकू कैसे मालूम पडा?" मी सगळं सांगितलं. शिबिर, तुरटीचं पाणी, चांगला आलेला निकाल. इतकं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू तपासणी करी, मैं कभी नहीं करी. खाट तो बाजू-बाजूच मिली ना?"

त्यांनी ते दुष्टपणानं म्हटलं नव्हतं. लगेच हात लांब करून त्यांनी माझ्या चादरीचं टोक नीट केलं. पण मला त्या दिवशी सलाईन संपेपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

*

अशाच एका दिवशी मोठे डॉक्टर शिकाऊ मुला-मुलींना घेऊन आले. माझ्या खाटेभोवती उभे राहिले. ते इंग्रजी-मराठी मिसळून बोलत होते. मला अर्धंमुर्धं कळत होतं. माझी फाईल हातात घेऊन डॉक्टर म्हणाले की, या बाईंची तपासणी आधी झालेली होती, आणि मग मुलांना प्रश्न विचारायला लागले.

तपासण्या तीन प्रकारच्या असतात, हे मला तिथं कळलं. एक व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघायची. ती सगळ्यात स्वस्त, कुठंही करता येते, तिथल्या तिथं कळतं. पण ती बघणाऱ्याच्या नजरेवर असते. दुसरी माझी झाली ती काचेवरची. ती बरी, पण नमुना नीट यायला पाहिजे, वाचणारा नीट पाहिजे आणि परत परत करायला पाहिजे. तिसरी त्या विषाणूचीच तपासणी. ती सगळ्यात कमी चुकते, पण महाग.

"तुमच्याकडं ठरावीक पैसा आहे," डॉक्टर म्हणाले. "महाग तपासणी थोड्या बायकांची करणार, का स्वस्त तपासणी सगळ्यांची करणार?"

एक मुलगा म्हणाला, "स्वस्त, सर. काही सुटतील, पण एकूण जास्त बायका वाचतील."

डॉक्टर म्हणाले, "बरोबर. फक्त ती एकदाच करून सोडून द्यायची नाही, वेळच्या वेळी परत करायची."

मागं उभी असलेली एक बारीकशी मुलगी म्हणाली, "पण सर, ज्या सुटतील त्यांचं काय?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळे मिटून घेतले, झोपल्यासारखे. त्यांना अवघड वाटू नये म्हणून.

त्या मुलाचं काही चुकलं नाही, हे मलाही पटतं. आमच्या गल्लीत महागडी तपासणी आलीच नसती. आली ती फुकटची, बाकावर चादर टाकून केलेली. तिच्यातून मागच्या गल्लीतली एक बाई वेळेत सापडली, तिचं छोट्या उपचारात भागलं, ती आता पोळ्या लाटायला जाते. हिशेब बरोबरच आहे. फक्त त्या हिशेबात जी सुटते, ती बाई मी आहे, आणि मला माझ्यापुरता दुसरा कुठलाही हिशेब लावता येत नाही.

*

शेक संपले. आतून द्यायचे तेही संपले. त्यांचं मी इथं लिहिणार नाही. ज्या बायकांना घ्यावे लागतील त्यांना एवढंच सांगते की, सिस्टरचा हात मागा. मागितला तर त्या देतात. मी मागितला नव्हता, एका सिस्टरनं आपण होऊन दिला.

घरी आले तर गल्लीत माझ्याबद्दल वेगळंच चाललेलं. आशाताई दुसऱ्या शिबिराचं सांगायला आल्या, तर बायका म्हणाल्या, "सुमनबाईची चांगली आली व्हती की. काय उपेग झाला?" एकीनं तर म्हणे असंही सांगितलं की, तपासणीतच काडी लागली आणि त्यातून झालं. आशाताई माझ्याकडं आल्या. "तुम्ही सांगा ना त्यांना," म्हणाल्या. मी दारात उभी होते, डोक्याला स्कार्फ, हाडं वर आलेली. मी काय सांगणार होते? मला बघूनच बायका आत जात होत्या.

तपासणीला नको म्हणणाऱ्यांत पहिली शोभा होती.

शोभाची तपासणीही त्याच दिवशी झाली होती. त्याच तुरटीच्या पाण्यानं धुऊन ती गेली होती. तिचीही चांगली आली होती. आणि आता मी दिवसभर घरात पडून असायची, तेव्हा माझ्या लक्षात आलं की, ती भलत्याच दिवसांत पाळीची कापडं वाळत घालते. वर गच्चीत, चादरीच्या आड. मी तसंच करायची.

एकदा ती माझ्यासाठी ताक घेऊन आली तेव्हा मी तिचा हात धरला. "शोभा, तुला अवेळी जायलंय का?"

तिनं हात सोडवून घेतला. "थोडं थोडं. सगळ्यांलाच जातं."

"परत तपासून ये."

"कशाला? मही बी चांगलीच आली व्हती. तुमची बी चांगलीच आली व्हती. चांगली आली तरी व्हतं, न्हाय आली तरी व्हतं. मग मरस्तोवर तरी सुखानं राहू द्या की मला!" आणि ती हसली. ती प्रत्येक गोष्टीला हसते, पण त्या दिवशी हसताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

हमीदाबींनी म्हटलं तेच ती म्हणत होती. मग मी ते बोलले, जे घरात कधी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. "शोभा, आपण धुऊन गेलो होतो. तुरटीच्या पाण्यानं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसं धुतलं की जे बघायचं तेच निघून जातं. आपली तपासणी नीट झालीच नसंल. तुझी चांगली आली का नाय, ते आपल्याला माहीतच नाय."

मागं भांडं वाजलं. आत्याबाई दारात होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्या आत आल्या, माझ्या पायाशी बसल्या. "पाणी मी दिलं व्हतं," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, त्यामुळंच झालं असं डाक्टरीण नाय म्हनल्या."

"आन् त्यामुळं नाय झालं, असं म्हनली का?"

तसं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नव्हत्या. तसं म्हणणं कुणाच्याच हातात नव्हतं. माझ्या आजारपणात मला खूप वेळा काहीच करता आलं नाही, पण म्हातारीच्या त्या प्रश्नापुढं जितकी लाचार झाले तितकी कधी झाले नाही. मला खोटं सांगायला पाहिजे होतं का, हे अजूनही कळत नाही.

*

आत्याबाई दोन दिवस जेवल्यासारखं करत होत्या. मग एका सकाळी त्यांनी लुगडं बदललं आणि शोभाला म्हणाल्या, "चल दवाखान्यात."

"मी नाय येत."

"मग मी जाते तुह्या नावानं. डाक्टरणीला म्हनते, ही शोभा हाय, हिला तपास."

"आत्याबाई, पंच्याहत्तरीची शोभा बघून डाक्टरीण पळून जाईन!"

"मग चल गुमान."

मी डॉक्टरीणबाईंना आधीच विचारून ठेवलं होतं की, शोभाची ती तिसरी, विषाणूची तपासणी होईल का. इथं फुकट होत नाही, बाहेरच्या लॅबमध्ये होते, असं त्यांनी सांगितलं. दिनकर भाऊजी लॅबमध्ये भाव विचारून आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. "वहिनी," ते म्हणाले, "पोरांच्या फिया भरायच्यात. जी तपासणी फुकट व्हती, तीच नीट करू की या टायमाला." ते वाईट बोलले नाहीत. माझ्या दुखण्यात येण्या-जाण्याला, खाण्या-पिण्याला त्यांचाही हात लागला होता. त्यांना आणखी खर्च करा असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

तपासणीच्या आधी दोन दिवस आत्याबाई मोरीच्या दाराशी पाट टाकून बसल्या. शोभा अंघोळीला गेली की बाहेरून म्हणायच्या, "नुसतं वरून धू. आत हात लावू नगस. ऐकायलीस का?"

"ऐकायलेय, आत्याबाई! गल्ली बी ऐकायलीय!"

दवाखान्यात मी सोबत गेले. शोभाला आत नेलं तेव्हा तिचं हसणं बंद झालं होतं. जाताना ती माझ्या कानात म्हणाली, "अक्का, लई घाण वाटायलंय असं न धुता जायला." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टरीणबाईंनी बघितलं. पिशवीच्या तोंडावर थोडी सूज आहे, बाकी डोळ्याला काही दिसत नाही, म्हणाल्या. गोळ्या लिहून दिल्या, आणि नमुना काचेवर घेतला.

निकाल यायला दिवस लागले. त्या दिवसांत माझीही फेरतपासणी झाली. मला म्हणाले, "सध्या काही दिसत नाही. तीन महिन्यांनी या." मालकांनी त्या दिवशी कित्येक महिन्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. डॉक्टर 'नाही' म्हणाले नव्हते, 'दिसत नाही' म्हणाले होते. हा फरक मी मालकांना सांगितला नाही. त्यांचं तोंड इतकं उजळलं होतं.

*

शोभाचा निकाल भाऊजी घेऊन आले. गाडी लावायच्या आधीच ओरडले, "चांगलं आलं!"

शोभानं साजूक तुपातला शिरा केला. आत्याबाईंनी देवापुढं ठेवला, मग गल्लीत दोन घरी वाटीवाटी दिला. त्या दोन घरांतल्या बायकांनी आशाताईंचं पुढचं शिबिर कधी आहे ते विचारलं म्हणे. मालक, भाऊजी, मुलं, सगळे खाली आमच्याच खोलीत जमले. गोळ्यांनी शोभाचं अवेळी अंगावर जाणंही थांबलं होतं. खूप दिवसांनी घरात मोठ्या आवाजात बोलणं झालं.

सगळे उठल्यावर शोभा वाटी घेऊन माझ्यासमोर बसली. "अक्का, सगळे बोलले. तुम्हीच काय बोलल्या नाय."

"चांगलं झालं."

"तसं नव्हं. आता तर धुतलं बी नव्हतं. आता चांगलं आलंय म्हणजे चांगलंच हाय ना?"

आत्याबाई भांडी गोळा करत होत्या. त्यांचा हात थांबला. या घरात आता मी या गोष्टीतली जाणती झाले होते. माझ्या तोंडातून काय निघतं त्यावर दोघींची रात्रीची झोप होती. आणि मला माहीत होतं ते एवढंच की, ही तीच काचेवरची तपासणी, न धुताही कधी कधी सुटणारी.

"पुढं सांगतील तेव्हा परत जायचं," मी म्हणाले. "मधी काय झालं तर लगेच. मी येते संगं."

"ते जाऊ की. मी आजचं विचारायलेय."

तिचे डोळे माझ्यावर होते. मी तिला कॅन्सर नाही असं सांगू शकत नव्हते, आणि असेल असंही सांगू शकत नव्हते. काहीच न बोलले असते, तर ते तिनं 'असेल' असंच ऐकलं असतं.

"व्हय," मी म्हणाले. "चांगलंच हाय."

तिनं माझा गालगुच्चा घेतला, आणि मुलांना हाका मारत जिना चढून गेली. आत्याबाई भांडी तशीच सोडून माझ्याजवळ येऊन बसल्या, माझ्या तोंडाकडं बघत. मी वाटीतला शिरा शेवटपर्यंत खाल्ला.